श्री नसलेलं कार्ड

माझ्याकडे कुणाचंही पत्र आलं की मजकुराआधी मी त्याचा माथा बघते. वर श्री आहे ना, एवढंच. देवाधर्माशी माझं फारसं पटत नाही, तेव्हा यात भक्ती वगैरे काही शोधू नये. ती एक लागलेली खोड आहे. कशी लागली ते सांगायचं तर रत्नागिरीत मी वाडीतल्या बायकांना लिहायला शिकवत होते ते दिवस सांगावे लागतात, आणि ते सांगायचं मी आजवर टाळत आले.

आमच्याकडे मर्तिकाच्या पत्रावर श्री घालत नाहीत. तसं कार्ड आलं की ते घरात नेत नाहीत, बाहेरच्या बाहेर वाचतात, फाडतात आणि अंगावरून पाणी घेतात. ही गोष्ट ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ठाऊक असते. किंबहुना ज्याला अक्षर येत नाही त्याला लिहिण्यातलं एवढंच ठाऊक असतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी तर शिकलेली होते.

मी तेराव्या वर्षी विधवा झाले. वडील कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांनी लोकांशी भांडून माझे केस राखले आणि मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं. परत आले ती मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन. स्वभाव मुळातला तिखट, त्यात शिक्षणाची फोडणी बसलेली. कुणी माझ्या कपाळाकडे बघून नजर वळवली की मी मुद्दाम त्याच्याशी दोन वाक्यं जास्त बोलायची. वडील म्हणायचे, तुझं नाक फार वर आहे, कधीतरी ठेच लागेल. लागली खरी, पण ती माझ्या पायाला लागली नाही. दुसरीच्या लागली.

एकोणीसशे तीसच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. गावातल्या वकील-डॉक्टर मंडळींनी गरीब बायकांना साक्षर करायचं मनावर घेतलं होतं. सभा झाली, भाषणं झाली, स्त्री ही राष्ट्राची जननी कशी यावर एका वकिलांनी तासभर घेतला आणि शेवटी डझनभर पाट्या आणि एक खडूची पेटी मंजूर झाली. शिकवायला कोण, असं विचारल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आवडलं ते. खोटं कशाला सांगू.

वाडी गावाच्या टोकाला, खाडीच्या अंगाला. भंडाऱ्यांची आणि कुळवाड्यांची घरं. घरटी एक तरी पुरुष मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बोटीवर. वाडीत राहायच्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरंबाळं. एका आंबेवाल्याने आम्हाला आंब्यांची आढी घालायची खोली दिली होती, तीही चैत्रापर्यंतच. चैत्रात आंबा उतरला की वर्गाने उठायचं. जांभ्याच्या भिंती, कोपऱ्यात गेल्या साली उरलेला पेंढा आणि वर्षभर न जाणारा आंब्याचा आंबूस वास. दुपारची भांडी घासून झाली की बायका यायच्या आणि विहिरीवर गर्दी व्हायच्या आत उठून जायच्या. मधला तास-सव्वातास माझा.

पहिल्याच दिवशी एक म्हातारी म्हणाली, आधी श्री काढून द्या, त्याच्याबिगर विद्या येत नाय. शाळेत पोराला घातलं की गुरुजी पाटीवर मोठं श्री काढून देतात आणि पोर ते गिरवत बसतं, हे तिने पाहिलेलं. मी हसले. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला पढवलं होतं की सोपं ते आधी, अवघड ते मागाहून. श्री म्हणजे जोडाक्षर, त्यात वेलांटी, काढायला महाकठीण. मी म्हटलं, श्री सगळ्यात शेवटी. आधी ग म भ न, मग आपापलं नाव, मग कार्ड लिहायचं. आमच्या वर्गाचा श्रीगणेशा असा श्रीशिवाय झाला. तेव्हा मला यात गंमत वाटली होती.

बायका शिकत होत्या, हे मात्र मी छातीला हात लावून सांगेन. चूल फुंकून काळी झालेली बोटं, विळ्याने कापलेली बोटं, माशांच्या खवल्यांनी खरबरीत झालेली बोटं, पण रेघ सरळ यायची. सगळ्यांत हुशार होती ती एक पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई. तिचं घर दोन दगडी गडग्यांमधल्या चिंचोळ्या पाणंदीत होतं, म्हणून सगळी वाडी तिला पाणंदीतली म्हणे. मीही तेच म्हणायची. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूल नाही. घरात ती आणि तिची सासू, दोघीच. नवरा मुंबईला गिरणीत. दोन शिमगे तो घरी आला नव्हता.

वर्गातल्या कुणाला पाटी पुसायला सांगितली की ती एका फटक्यात पुसे. पाणंदीतली आधी काढलेलं अक्षर नीट बघून घ्यायची आणि मगच पुसायची. बोलायची कमी. पण एकदा विहिरीकडे जाताना माझ्याबरोबर चार पावलं चालली आणि मला तिने सगळं सांगितलं. वाडीत एक पेन्शनर हवालदार होते. वाडीतली झाडून सगळी पत्रं तेच लिहायचे आणि आलेली तेच वाचायचे. माणूस वाईट नव्हता. पण ओसरीवर बसून खड्या आवाजात वाचायचे, भोवती चार माणसं, पुढ्यात सासू. लिहितानाही तसंच. सासू सांगणार, हवालदार लिहिणार, सुनेने दाराआड उभं राहायचं. शेवटी हवालदार विचारायचे, सूनबाईचं काय लिहू? आणि सासू म्हणायची, लिहा, बरी आहे.

दहा वर्षं ती नवऱ्याला 'बरी आहे' एवढंच कळवत आली होती.

आणि ती बरी नव्हती. सासूने मुलासाठी दुसरं नातं बघायला सुरुवात केली होती. हा शिमगा नवरा आला नाही, किंवा आला आणि काही निश्चित बोलला नाही, तर पुढच्या वैशाखात दुसरी सून आणायची, असं सासूने भावकीत बोलून ठेवलं होतं. नवऱ्याला ते कळवलं होतं की नाही, हेही हिला ठाऊक नाही. हिला त्याला स्वतःच्या हाताने काहीतरी लिहायचं होतं. काय, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी एवढंच म्हटलं की तिकडेही दुसराच कुणी वाचून दाखवणार, मग लाज तीच की. ती म्हणाली, "तितला कोनपन वाचू दे, बाई. मी तितं उबी नसतंय."

तिचं हे बोलणं मला इतकं आवडलं की मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. आमचा वर्ग कशासाठी आहे ते मला त्या दिवशी कळलं, असंही म्हणाले असेन. अशी वाक्यं मी तेव्हा बोलायची.

दिवाळी झाली, भात झोडून झालं आणि कार्डं लिहायची वेळ आली. मंडळींनी कार्डांचा एक गठ्ठा पाठवला होता. पत्ते मी आधी लिहून घेतले. मुंबईच्या चाळींचे पत्ते म्हणजे जोडाक्षरांचं रान, शिवाय नवऱ्याचं नाव यांनी घ्यायचंही नाही आणि लिहायचंही नाही. मग एकीच्या नवऱ्याचं नाव शेजारणीने सांगायचं, शेजारणीच्या नवऱ्याचं हिने, आणि मध्ये हसून हसून पाट्या खाली पडायच्या. त्या दिवशी खोलीत जेवढं हसू होतं तेवढं पुन्हा कधी ऐकलं नाही. ठरलं असं की मजकूर बायकांनी आधी पाटीवर लिहायचा, मग शिसपेनीने कार्डावर उतरवायचा, आणि अवघड असलेलं श्री मी प्रत्येकीच्या कार्डावर काढून द्यायचं.

पहिलं कार्ड माझ्या हातात आलं. मी शिसपेन टेकवणार, एवढ्यात दारातून आवाज आला. पाणंदीतलीची सासू उंबऱ्याला टेकून बसली होती. सुनेवर नजर ठेवायला ती अधूनमधून येऊन बसायची. म्हातारी खोकल्याने खंगलेली, आवाज बारीक. भांडणाचा सूरसुद्धा नव्हता.

"बाई, राग नका मानू. श्री तुमी नका काडू. कुकवाच्या कार्डावर तुमचा हात नको."

मी बायकांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. वीस-बावीस बायका, मी ज्यांचा हात धरून ग गिरवून घेतला होता त्या, आणि एकीच्याही तोंडातून 'असं काय बोलता' एवढं निघालं नाही. पाणंदीतलीसुद्धा पाटीवरचं अक्षर बघत बसली होती. मला रस्त्यात, देवळात, लग्नाघरी हे ऐकायची सवय होती. इथे नव्हती. इथे मी बेसावध होते.

मी शिसपेन खाली ठेवली. म्हटलं, बरं. मग माझ्या वर्गात श्री नाही. ज्याचा हात चालतो त्याच्याकडून काढून घ्या. आणि उठून निघून आले.

आता मागे वळून बघते तेव्हा त्या म्हातारीचा मला राग येत नाही. तिला जे शिकवलं गेलं ते ती बोलली. राग येतो तो माझ्या उठून येण्याचा. करायचं काय होतं? फळ्यावर एक मोठं श्री काढायचं आणि म्हणायचं, गिरवा, तुमचं तुम्ही काढा. दोन दिवसांत त्या शिकल्या असत्या. ते मला सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. पण मला वाटलं, अडू दे त्यांचं. कळू दे.

त्यांचं काही अडलं नाही. बायका कार्डं घेऊन हवालदारांकडे गेल्या. हवालदारांनी आपलं नेहमीचं लांब शेपटीचं श्री प्रत्येक कार्डावर काढून दिलं. त्या श्रीची शेपटी कार्डाच्या निम्म्यापर्यंत यायची. मुंबईला वाडीतल्या माणसांना पत्र आपल्या घरचं आहे हे त्या शेपटीवरूनच कळायचं, असं म्हणत. श्री काढता काढता हवालदारांनी सगळ्यांचे मजकूर ओसरीवर खड्या आवाजात वाचून दाखवले आणि चुकाही दुरुस्त केल्या. म्हणजे ज्याच्यातून सुटायला आम्ही तीन महिने पाटी घासली, त्याच ओसरीवर कार्डं परत गेली. हे कळलं तेव्हा मला काय वाटलं? बरं वाटलं. जिरली, असं वाटलं.

पाणंदीतली तिकडे गेली नाही. कशी जाणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मुलींच्या शाळेत आली. वाडीपासून शाळा दोन मैल. ती काटक्या विकायच्या निमित्ताने आलेली, डोक्यावर मोळी. मधली सुट्टी होती. मोळी भिंतीला लावून तिने पदराच्या गाठीतून कार्ड काढलं. मजकूर लिहून झाला होता. कार्ड तिने दुमडून धरलेलं, मला दिसेल असं पुढे केलं नव्हतं. वर अर्ध्या बोटाएवढी जागा कोरी सोडलेली, तेवढं दिसलं.

म्हणाली, "बाई, सासू नाय हितं. मना श्री काडून द्या."

मी म्हटलं, माझा हात नको ना तुम्हाला.

ती म्हणाली, "मी नाय बोललंय तसां."

खरंच होतं. ती नव्हती बोलली. पण गप्प बसली होती, आणि माझ्या लेखी तेव्हा दोन्ही सारखंच होतं. मग ती म्हणाली, नाय तर मना शिकवा, मी काडीन. खाली वाकून तिने धुळीत बोट टेकवलं, मी सांगेन तशी रेघ ओढायला. मला ते बोट अजून दिसतं. सुट्टी संपायला अजून वेळ होता. दोन मिनिटांचं काम.

मी म्हटलं, "श्री नसलं म्हणून काही बिघडत नाही. ते म्हाताऱ्यांचं वेड आहे. वाचणारा मजकूर वाचतो. टाक तसंच."

तिने विचारलं, नक्की नाय ना बिगडत?

मी म्हटलं, नाही. मी सांगते ना.

ती तेवढ्यावर गेली. मोळी उचलली आणि पोस्टाच्या दिशेने गेली. मी बाई होते, पुण्याला शिकलेली होते, मी सांगितलं होतं. तिला माझ्यावर विश्वास ठेवायलाही मीच शिकवलं होतं.

एक गोष्ट मी विसरले होते. इतकी साधी की आता सांगतानाही लाज वाटते. आम्ही बायकांना लिहायला शिकवत होतो. पुरुषांना वाचायला कुणी शिकवलं होतं? पाणंदीतलीच्या नवऱ्याला अक्षर येत नव्हतं. त्याच्या खोलीत गाववाले सात-आठ, त्यातला एकच वाचणारा. मी 'वाचणारा मजकूर वाचतो' म्हणाले, ते ट्रेनिंग कॉलेजातल्या माणसांबद्दल म्हणाले होते.

पुढे काय घडलं ते मला वाडीतूनच तुकड्या-तुकड्यांनी कळलं. कार्ड दुपारी पोचलं. तो रातपाळी करून खोलीवर एकटा होता, बाकीचे गिरणीत. टपालवाल्याने कार्ड हातात दिलं आणि तो पुढे गेला. याने सवयीने कार्डाचा माथा बघितला. हवालदारांची शेपटी नाही. श्रीच नाही. पत्ता भलत्याच हातचा, माझ्या हातचा. वाडीत खोकल्याने खंगलेली आई. त्याने पुढे काही बघितलं नाही. तिथेच नळाशी कार्ड फाडलं, तुकडे मोरीत सोडले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी नळाखाली बसला. संध्याकाळी वाचणारा आला, त्याने विचारलं, कार्ड कुठाय? तोवर कार्ड कुठलं. आपल्या माणसाच्या मरणाचा कागद कोण राखून ठेवतो?

त्याने समुद्रावर जाऊन डोई केली, मिशी काढली. रजा मागितली ती मिळाली नाही, म्हणून तशीच पाळी टाकून तो बोटीत बसला.

तो आला त्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे वर्गावर गेले. खोलीत कुणी नव्हतं. पाट्या भिंतीला उभ्या, पेंढ्यात एक कोंबडी बसलेली. मला वाटलं, वाडीत कुणी गेलं असावं. तसंच होतं म्हणायचं. पाणंदीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. मला बघून त्यांनी वाट दिली, एरवी जेवढी देतात त्याहून जास्त दिली. घराच्या जोत्यावर एक माणूस बसला होता. डोकं तुळतुळीत, वरचा ओठ पांढुरका, मिशी काढलेल्या जागी ऊन न लागलेला. बंदरावरून चालत येताना वाटेत भेटलेल्या सगळ्यांनी त्याचं ते डोकं पाहिलं होतं आणि वाट सोडली होती. घरी पोचला तर आई मागीलदारी कुळीथ निवडत बसलेली.

म्हातारीने त्याला पाहिलं. लेकाची डोई पाहिली. कशासाठी केली ते विचारावं लागत नाही. ती सुपासकट आत गेली, आणि आतून फक्त एकदा बोलली, तेही इतक्या हळू की बाहेरच्या एका बाईने मला ते पुन्हा सांगितलं.

"माजां सगळां करून इलास. आता मी मरायचीच ऱ्हायलंय."

पाणंदीतली दाराआड उभी होती, कार्ड लिहून घेताना दहा वर्षं उभी राहायची तिथेच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मी परत फिरले. कुणी मला काही विचारलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं, पण मी अशी भरभर चालत आले की चपलेचा अंगठा तुटला तरी थांबले नाही.

आठ दिवसांनी मंडळींनी मला बोलावलं. वाडीत बोभाटा झाला होता. लोक म्हणत होते, विधवेने शिकवलेलं अक्षर, त्यावर श्री कुठून येणार. ज्या घरांतून सुना वर्गाला येत होत्या त्या घरांनी सांगून टाकलं होतं की आता नको. वकीलसाहेब फार सौम्यपणे बोलले. म्हणाले, आम्हाला फक्त कळू द्या, असं कार्ड तुमच्या वर्गातून गेलंच कसं?

मी म्हटलं, त्या बाईने मला न दाखवता टाकलं.

हे खोटं नव्हतं. मजकूर तिने मला दाखवलाच नव्हता. वकिलांच्या पुढ्यात मी वकिली केली. मंडळींनी मान हलवली आणि माझी त्यातून सुटका झाली. वर्ग बंद झाला. खडू-पाट्यांना आता कुणाकडे हात पसरायचा या विवंचनेत ते होतेच, सुंठीवाचून खोकला गेला. पाट्या मुलींच्या शाळेला मिळाल्या. माझं उत्तर वाडीत पोचलं, जसं सगळं पोचतं. चूक सुनेची, बाईंची नाही, असं ठरलं. पाणंदीतलीने त्यावर ब्र काढला नाही. 'बाईंनी सांगितलं होतं' एवढं जरी ती बोलली असती तरी अर्धं ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं. ती बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्यावर मी पूर्वी रागावले होते. याच गप्प बसण्यावर माझी नोकरी टिकली.

नवरा महिनाभर राहिला. आई त्याच्याशी बोलली नाही, त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. डोक्यावर थोडे केस आल्यावर तो मुंबईला गेला. गिरणीतली जागा गेलीच होती, गोदीत कुठेतरी लागला म्हणे. म्हातारी पावसाळ्यात गेली. खोकला जुना, ती तशीही गेली असती. पण वाडीने ते कार्डावरच घातलं. बोटी बंद होत्या, तो आला नाही. पुढेही आला नाही. मुंबईत त्याने बिऱ्हाड केलं, मूलही झालं, असं बोलत. म्हणजे म्हातारीला हवं होतं ते झालं, फक्त घरात झालं नाही.

मी पुष्कळदा ठरवलं, तिच्याकडे जावं. जायचं आणि काय म्हणायचं, तिथे अडायचं. चार-पाच वर्षं अशी गेली. माणूस लाजेलाही सरावतो, तीही एक सोयच.

मग एकदा बाजारात ती समोर आली. कोकमं विकायला बसली होती. वाळून काटकी झालेली, पण नजर तशीच, बघून घेऊन मग पुसणारी. मी कोकमं घ्यायला वाकले आणि तिने ओळखलं. तिनेच आधी विचारलं, बाई, बऱ्या हाव? मी म्हटलं, बरी आहे.

मग माझ्याने राहवेना. मी म्हटलं, त्या दिवशी मी तुला श्री काढून द्यायला हवं होतं. चूक माझी होती आणि मंडळींपुढे मी ती तुझ्यावर ढकलली. हे एवढं वाक्य मी पाच वर्षं तोंडात घोळवत होते. तिने ते ऐकलं आणि कोकमं पानावर घालत राहिली, माप झाल्यावर वर एक मूठ जास्त घातली.

मी विचारलं, काय लिहिलं होतंस गं त्यात?

तिला वाटलं असेल, आता कशाला. पण सांगितलं. म्हणाली, जास्ती नाय, येकच वळ. 'एकदा येवन जावा.'

तो मजकूर कुणी वाचला नाही. ज्याच्यासाठी लिहिला त्याने तो मोरीत सोडला. आणि तरी तो आला होता, तिने लिहिलं होतं तसाच, एकदा येऊन गेला होता.

माझ्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं असावं. ती म्हणाली, "श्री काडून दिला असतात तर ते नसते आले, बाई. कोनीतरी वाचून दाकवला असता, समदी हसली असती, झाला असता. बऱ्या खबरेला कोन येतां?"

मी बोलायचं म्हणून विचारलं, अजून लिहिता येतं का, विसरली नाहीस ना. मला वाटलं होतं, येतं म्हणेल, मग मी म्हणेन, ये माझ्याकडे, श्री शिकवते. एवढी तरी भरपाई. पाच वर्षांनी, बाजारात, कोकमाच्या टोपलीपाशी मला अजून शिकवायचंच होतं.

ती म्हणाली, "येतां की. पन त्यांना बोलवायचा तर तसलांच बिनश्रीचां कार्ड धाडायला होवा. आता मरायला मीच तेवडी उरलंय. नि तां कार्ड लिवायला मी नसंन."

पानाची पुडी तिने माझ्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.